फेस धरणारं पाणी

प्रवाळ पाळणाऱ्यांच्या खाऱ्या टाकीवर प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून उपसणारं यंत्र, असावा की नसावा, हा वाद आता जवळपास मिटला आहे. गोड्या पाण्याच्या टाकीवर तो लावा म्हणणारे थोडे आहेत. निमखाऱ्या पाण्याबद्दल मात्र दहा जणांची दहा मतं ऐकू येतात. मला हा वाद मोलाचा वाटतो. त्यात पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याच्या खाली आणखी एक प्रश्न दडलेला आहे. बंद पाण्यात जी घाण साचत जाते ती आपण उचलून बाहेर टाकायची, की तिथल्या तिथे कुणाला तरी खाऊ घालायची?

हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तळ्याच्या काठावर नेऊन विचारावा असं मला वाटलं. बेसॉल्टच्या कातळात उल्का आदळून झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. त्याचं वय जुन्या मोजणीत 50 हजार वर्षांच्या आसपास येत होतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉनच्या मोजणीने ते साडेपाच लाखांच्या पुढे नेलं. विवराच्या तळाशी असलेल्या तळ्यात पाणी यायच्या वाटा बऱ्याच आहेत: गोमुखाची धार, रामगयेचा झरा, चारी बाजूंच्या उतारांवरून येणारा पाऊस. वाहून जायला मात्र ओढा नाही, नाला नाही. पाणी जातं ते वाफ होऊन, आणि जाताना क्षार मागे ठेवून जातं. त्यांत सोडा भरपूर, म्हणून तळ्याचा पीएच 10 च्या आसपास असतो. बंद पाण्याचं इतकं जुनं आणि इतकं उघडं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नाही.

वाद घालणारी दोघं मी कल्पिलेली आहेत. ती जी माहिती देतात ती कल्पित नाही. मामा लोणारच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. भाची नवी मुंबईत लोकांच्या घरांतल्या आणि हॉटेलांतल्या टाक्या सांभाळते. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन टाक्या बसवायच्या आहेत, एक गोड्या पाण्याची आणि एक निमखाऱ्या. सामानाची यादी भाचीने करून आणली आहे आणि मामांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली आहे.

मामा : या यादीत स्किमर दोनदा लिहिलाय. एक निमखाऱ्या टाकीला, एक गोड्या टाकीला. काऊन वं पोरी? गोड्या पाण्यात फेस टिकत नाही हे मी पोरांना वर्गात करून दाखवलंय.

भाची : टिकत नाही असं नाही मामा, कमी टिकतो. आधी यंत्राचं काम बघा. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव, मेलेलं शेवाळ, या सगळ्यांतून पाण्यात प्रथिनं आणि मेदाम्लं सुटतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाणी धरून राहतं आणि दुसऱ्या टोकाला पाणी नको असतं. हवेचा बुडबुडा आला की ते दुसरं टोक हवेत घुसतं आणि रेणू बुडबुड्याच्या अंगाला चिकटतो. उभ्या नळीत खालून बारीक बुडबुडे सोडायचे, वरून पाणी खाली उतरवायचं आणि दोघांचा सहवास होईल तितका लांबवायचा. वर फेस जमतो, नळीच्या मानेतून चढता चढता त्यातलं पाणी निथळतं आणि घट्ट झालेला फेस कपात पडतो. कपात जे चहाच्या रंगाचं, उग्र वासाचं पाणी साठतं, ते जिवाणूंनी कुजवून त्याचा अमोनिया करायच्या आधीच आपण बाहेर काढलेलं असतं.

मामा : म्हणजे ताक घुसळून लोणी काढावं तसं. ठीक. पण हे यंत्र तयार झालेला अमोनिया काढत नाही, नायट्रेटही काढत नाही.

भाची : नाही काढत. ती दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळतात, त्यांना हवेची ओढ नाही. म्हणून जिवाणूंचा फिल्टर लागतोच. स्किमर त्याचं ओझं हलकं करतो.

मामा : मग आता माझं ऐक. एक लिटर हवा घे. तिचे 4 मिलिमीटरचे बुडबुडे केले, तर त्या सगळ्यांच्या अंगाचं क्षेत्रफळ मिळून दीड चौरस मीटर भरतं. त्याच हवेचे अर्ध्या मिलिमीटरचे केले, तर 12 चौरस मीटर. हवा तीच, चिकटायला जागा आठपट. शिवाय मोठा बुडबुडा पटकन वर निघून जातो, बारीक रेंगाळतो. म्हणजे यंत्राची सगळी करामत बुडबुडा बारीक ठेवण्यात आहे. आणि गोडं पाणी तिथेच दगा देतं. दोन बारीक बुडबुडे भेटले की त्यांच्यामधला पाण्याचा पापुद्र्यासारखा थर फुटतो, दोघांचा एक होतो, तिसरा येऊन मिळतो. वर पोचेपर्यंत तुझे 12 चौरस मीटर कुठे राहिले?

मामांचं हे म्हणणं तंतोतंत खरं आहे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळायला नाखूश असतात, हे समुद्राच्या लाटेकडे बघूनही कळतं: फुटलेल्या लाटेतले बुडबुडे बारीक असतात आणि पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. नदीवरच्या धबधब्याच्या पायथ्याशी बुडबुडे मोठे होतात आणि लवकर विरतात. क्रेग, निनहॅम आणि पॅशली या तिघांनी 1993 साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की काही क्षार बुडबुड्यांचं हे मिसळणं रोखतात आणि काही क्षार अजिबात रोखत नाहीत. साधं मीठ रोखणाऱ्यांपैकी आहे आणि त्याचा परिणाम लिटरला 5-6 ग्रॅमच्या आसपास ठळक होतो. क्षार मिसळणं नेमकं का रोखतात, याचं सर्वांना पटणारं स्पष्टीकरण अजून निघालेलं नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. दुकानदार मात्र तो कधी सांगत नाही. तो डब्यावर छापलेले लिटर दाखवतो.

भाची : तुमचं गणित मान्य आहे. पण आळंदीला इंद्रायणीवर फेस येतो तो तर सगळ्या महाराष्ट्राने बातम्यांत पाहिलाय. वारकरी त्या फेसात उभे राहून स्नान करतात. ते पाणी खारं आहे का? बंगळुरूचं बेळ्ळंदूर तळं, दिल्लीची यमुना, सगळी गोडी पाणी, आणि फेस माणसाच्या कमरेइतका.

मामा : तो साबणाचा, सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या पाण्याचा फेस आहे. प्रथिनं आणि साबणं पाण्यात इतकी झालीत की मिठाची गरजच उरली नाही. मी तेच म्हणतोय. गोड्या पाण्यात स्किमर भरभरून फेस देऊ लागला, तर त्याचा अर्थ पाणी आधीच बिघडलंय. निरोगी टाकीत तो रिकामा फिरेल, आणि फेस द्यायला लागला की तू म्हणशील आता कुठे काम करतोय.

भाची : नेमकं तसंच नाही. कोई माशांची तळी बघा. एका तळ्यात हातभर लांबीचे पंधरा-वीस मासे, दिवसातून तीन-चारदा प्रथिनांचं खाद्य. तिथे गोड्या पाण्यातही उंच नळीचे स्किमर लावतात आणि ते काम करतात. फिरत्या पाण्यावर मासे वाढवणाऱ्या बंदिस्त शेतीतही लावतात, तिथे बारीक गाळ उचलण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. नळी उंच, हवा जास्त, बुडबुडा बारीक, आणि पाण्यात जैविक ओझं भरपूर, एवढं जमलं की मीठ नसलं तरी चालतं.

मामा : शाळेच्या टाकीत कोई नाहीत. तू यादीत गप्पी लिहिल्यात. बोटाच्या पेराएवढ्या.

भाचीने इथे यादीतल्या दुसऱ्या स्किमरवर पेन्सिलीने रेघ मारली, पण पूर्ण खोडलं नाही. गोड्या पाण्याची बाजू तिथेच सुटली असं मला वाटतं. शोभेच्या, थोड्या माशांच्या आणि भरपूर वनस्पतींच्या गोड्या टाकीला स्किमर म्हणजे महागडा हवेचा पंप. हवेचा पंप हवा असेल तर तोच घ्यावा. उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेलं की गोड्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू मावत नाही, आणि बुलढाण्याच्या मे महिन्यात खोलीतली टाकी तिथे सहज पोचते. म्हणजे बुडबुड्यांची गरज आहे, फेसाची नाही.

निमखाऱ्या पाण्याचं प्रकरण वेगळं आहे, आणि तिथे भाची अनुभवाने बोलते.

भाची : निमखाऱ्यात एक आकडा नसतो मामा, एक पल्ला असतो. हायड्रोमीटरवर 1.005 दिसलं तर लिटरला साधारण 7 ग्रॅम क्षार, 1.010 ला 13 ते 14, 1.015 ला 20 च्या आसपास. समुद्रात 35. ठाण्याच्या खाडीत तर पावसाळ्यात एक आकडा आणि एप्रिलमध्ये दुसरा. निवटी, स्कॅट, मोनो, काळुंद्र हे मासे हे सगळं सोसायलाच घडलेले. मी टाक्या सांभाळते त्यांत अगदी खालच्या टोकाला स्किमर लावला की कपात नुसतं फिकट पाणी येतं. 1.010 च्या वर गेलं की फेसाला अंग येतं. 1.015 ला तर समुद्री टाकीत नि इथे फरक करायला मला कप जवळून बघावा लागतो.

मामा : म्हणजे तुझ्या क्षारांच्या आकड्याला आणि त्या बुडबुड्यांच्या संशोधनाला एकाच दिशेने वळण मिळतं.

भाची : जवळपास. पण नुसत्या मिठाने भागत नाही. स्कॅट खातो भरपूर, आणि घाण करतो त्याहून जास्त. निवटीला जिवंत किंवा गोठवलेलं खाद्य लागतं. म्हणजे ओझंही आहे आणि मीठही आहे. शिवाय निमखाऱ्या टाकीत वनस्पती फारशा तग धरत नाहीत. गोड्या टाकीत वॅलिसनेरिया नायट्रेट खाते, मनी प्लांटची मुळं खातात. इथे खायला कोण? खारफुटीचं रोप लावता येतं, पण ते वाढायला वर्षं घेतं.

मामा : बरोबर. पण एक आठवण ठेव. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले केन फेल्डमन यांनी 2009-10 च्या सुमारास समुद्री टाक्यांवर वेगवेगळे स्किमर चालवून पाण्यातला सेंद्रिय कार्बन मोजला. पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनचा 20 ते 35 टक्के भागच स्किमरने निघत होता. महाग असो, स्वस्त असो, फरक थोडाच. बाकीचं पाण्यातच राहत होतं. पूर्ण खाऱ्या पाण्यात ही गत, तर तुझ्या निमखाऱ्यात त्याहून कमीच.

भाची : तो आकडा मला माहीत आहे आणि मी तो गिऱ्हाइकापासून लपवत नाही. पण पाव भाग रोजच्या रोज निघतो, माझ्या हाताशिवाय. बाकीचं पाणी बदलून काढायचं. फिल्टरमधला स्पंज घाण पकडतो, पण ती पाण्याच्या वाटेतच बसून कुजते. आपण तो धुवेपर्यंत ती टाकीतच असते. स्किमरच्या कपात पडलेलं पाण्याला परत भेटत नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मामा : आणि मला तोच फरक खटकतो. चल, धारेजवळ बसू, तिथून सांगतो.

गोमुखाच्या धारेचं पाणी गोडं, बारमाही. खाली उतरलं की काही शे मीटरवर सोड्याचं तळं. कमळजादेवीच्या मंदिराजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचं पाणी गोडं आणि दुसऱ्या बाजूचं खारं, असं गावातले लोक सांगतात. तळ्याची पातळी चढली की ती पाण्याखाली जाते. गोडं, निमखारं आणि खारं अशी तिन्ही पाणी इतक्या जवळ असलेल्या ठिकाणी हे बोलणं चाललं होतं, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. तळ्याचं पाणी वारा सुटला की कडेला फेस आणतं. आश्चर्य नाही: पाण्यात निळं-हिरवं शेवाळ मुबलक, ज्याला बाजारात स्पिरुलिना म्हणतात त्याच कुळातलं, सुक्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असलेलं, आणि पाणी सोड्याचं. आईन-ए-अकबरीत लोणारच्या परिसराची नोंद आहे ती काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो म्हणून. फेसाला लागणारं सगळं साहित्य इथे निसर्गानेच जमवलेलं आहे.

मामा : या तळ्यातून हजारो वर्षं कुणी कप उपसला नाही. जे आलं ते इथेच राहिलं. आणि तरी हे पाणी मेलेलं नाही. शेवाळ आहे, जिवाणू आहेत, 2020 च्या जूनमध्ये सगळं तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात खारट पाण्यातले सूक्ष्मजीव सापडले. उन्हाने पाणी आटलं, खारेपणा चढला, ते जीव वाढले. पाऊस आला, ते तळाशी बसले. कुणी यंत्र लावलं नाही. पाण्यात जे साचतं त्याला खाणारा तयार होतो. टाकीतही जिवाणूंना वेळ दे, वनस्पती दे, मासे थोडे ठेव. तू घाण उपसतेस तेव्हा त्यांच्या ताटातलं उपसतेस.

भाची : तुमचं तळं मला पटतं मामा, पण मासा पाळायला नाही. पीएच 7 ला पाण्यातल्या अमोनियापैकी विषारी रूपात असतो तो एक टक्क्याहूनही कमी. निमखाऱ्या टाकीत पीएच 8 च्या आसपास, तिथे तो पाच टक्क्यांवर जातो. पीएच 10 ला 80 टक्क्यांच्याही वर. मासा आपला अमोनिया कल्ल्यांतून नुसता पाण्यात सोडतो. बाहेरच जर विष दाटलेलं असेल तर आतलं बाहेर पडणार कसं? केनियात मगाडी नावाचं असंच सोड्याचं तळं आहे. तिथे एक लहानसा तिलापिया जगतो, पण त्यासाठी त्याला स्वतःचं शरीरच बदलावं लागलं. तो अमोनिया सोडत नाही, आपल्यासारखा युरिया करून सोडतो. जे साचतं त्याला खाणारा तयार होतो हे खरं, पण साचू दिलं तर खाणारे कोण उरतील हे पाणी ठरवतं, आपण नाही. मला टाकीत निवटी हवी आहे. मगाडीचा मासा नको.

मामा : हाव, हे मान्य करावं लागेल. पण तळ्यातून काहीच बाहेर जात नाही म्हणालो, त्यात एक सुधारणा करतो. रोहित पक्षी येतात. केनियातल्या सोड्याच्या तळ्यांवर छोटे रोहित हेच शेवाळ चोचीने गाळून खातात. इथेही रोहित उतरतात. पाण्यातली प्रथिनं पक्ष्यांच्या पोटात जातात.

भाची : आणि पक्षी उडून जातो. म्हणजे काढणंच झालं की, मामा! तुमच्या रोहिताने शेवाळ खाल्लं आणि तो ठाण्याच्या खाडीवर किंवा आणखी कुठे गेला, तर पाण्यातलं नत्र पाण्याबाहेर गेलं. माझा कप तेच करतो. तुम्ही गोड्या टाकीत वॅलिसनेरिया लावायला सांगता ना? ती नायट्रेट खाऊन वाढली आणि तुम्ही छाटली नाही, तर पानं कुजून सगळं पुन्हा पाण्यात. छाटून बाहेर टाकली तरच उपयोग. म्हणजे तुम्हीही उपसताच. फक्त तुमच्या हातात कात्री आहे आणि माझ्या यंत्रात हवा.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला हा संवादातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो, कारण इथे वादाचं तोंड बदललं. ‘उपसायचं की मुरू द्यायचं’ हा प्रश्न मागे पडला. दोघंही उपसतातच, कोणत्या पाण्यातून, कोणत्या रूपात, आणि कुजायच्या आधी की नंतर, एवढाच फरक उरला. गोड्या पाण्यात वनस्पती घाण कुजून तिचा अमोनिया किंवा नायट्रेट होईपर्यंत थांबते, मग खाते. खाऱ्या पाण्यात हवेचा बुडबुडा प्रथिन असतानाच उचलतो. निमखारं पाणी या दोघांच्या मध्ये आहे, म्हणून तिथे मतं फुटतात. आणि ती फुटायलाच हवीत, कारण 1.003 च्या टाकीला दिलेला सल्ला 1.015 च्या टाकीला लागू पडत नाही.

लोणारच्या तळ्यासाठीही हा प्रश्न आता नव्याने सोडवावा लागणार आहे. 2020 साली त्याला रामसर यादीत जागा मिळाली. पण तळ्यात वरून जे येतं, गावाच्या बाजूने येणारं सांडपाणी धरून, ते तळ्याने कधी मागितलेलं नव्हतं. बंद पाण्यात येणारं ओझं दारातच थोपवणं हे कोणत्याही यंत्राहून आणि कोणत्याही वनस्पतीहून वरचं. टाकीच्या बाबतीत त्याचा साधा अर्थ: खाद्य कमी टाका.

मामा : बरं, निमखाऱ्या टाकीला स्किमर लावू. पण मग मिठावर खर्च काऊन करायचा? तुझ्या आजोळच्या विहिरीचं पाणी आणू. संग्रामपूर तालुका, पूर्णेचा खारपाण पट्टा. आयुष्यभर ते पाणी प्यायलेली माणसं मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेली आपण बघितलीत. निदान माशांना तरी कामी येईल.

भाची : ते पाणी खारं आहे, पण समुद्राचं नाही मामा. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात क्षारांचं प्रमाण वेगळं असतं. पोटॅशियम बहुतेक फार कमी पडतं. हरियाणात रोहतकला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं केंद्र आहे, तिथे जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी वाढवतात, तर पोटॅशियम वरून घालावं लागतं. आपण विहिरीचं पाणी तपासून घेतल्याशिवाय मासा घालायचा नाही. शाळेत तर नाहीच. पोरांसमोर मासे मेलेले मला चालणार नाहीत.

मामा : आणि वीज? इथे वीज जाते तेव्हा सांगून जात नाही.

भाची : स्किमर बंद पडला तर काही तास काही होत नाही. नळीतलं पाणी टाकीत उतरतं, तेवढी टाकीत वर जागा ठेवायची. वीज आल्यावर मात्र दहा मिनिटं लक्ष द्यायचं, कधीकधी तो एकदम उसळून कप भरून टाकतो. खरी काळजी फिल्टरमधल्या जिवाणूंची, त्यांना प्राणवायू मिळाला नाही तर ते मरतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप ठेवू, तो दोन्ही टाक्यांना पुरेल. आणि खाद्य टाकल्यावर स्किमरचा फेस बसतो, त्यातल्या तेलाने. मुलांना सांगून ठेवा, यंत्र बिघडलं नाही, तासाभरात चढेल.

मामा : म्हणजे यादीत एकच स्किमर. गोड्या टाकीसाठी वॅलिसनेरिया आणि कात्री.

भाची : आणि निमखारी टाकी 1.012 च्या खाली न्यायची नाही. न्यायची असेल तर मासे बदलावे लागतील आणि स्किमर काढावा लागेल. मोली ठेवली तर ती दोन्हीकडे जगते, पण मग या टाकीचं वेगळेपण काय राहिलं?

मामा : मला पोरांना दाखवायचंय ते तुला सांगू का? दोन उभ्या पारदर्शक नळ्या, एकाच पंपाची हवा, एकसारखे लाकडी एअर स्टोन. एकीत धारेचं पाणी, दुसरीत तेच पाणी आणि लिटरला 15 ग्रॅम समुद्री मीठ. दोन्हींत अंड्याच्या पांढऱ्याचे मोजून सारखे थेंब. फूटपट्टीने फेसाची उंची घ्यायची, हवा बंद करायची आणि फेस किती वेळात बसतो ते घड्याळावर बघायचं.

भाची : तिसरी नळी ठेवा. तळ्याचं पाणी नको, ते अभयारण्यातलं आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. धारेच्याच पाण्यात धुण्याचा सोडा घालून पीएच 10 करा. तळ्याच्या कडेला फेस का येतो ते पोरांना त्यातून कळेल.

मामा : बरं. आणि एक. आठवडाभर निमखाऱ्या टाकीच्या कपात जे पडेल ते फेकायचं नाही. वाळवू. त्याच आठवड्यात गोड्या टाकीतली वॅलिसनेरिया छाटू, तीही वाळवू. दोन्ही वजनं फळ्यावर लिहू. कुणी किती उपसलं ते दिसेल.

भाची : कपातलं वाळवलं तर मीठही वजनात येईल. माझा कप फुकटचा जिंकेल.

मामा : मग वाळवून तोलायचं, आणि त्यानंतर दोन्ही मुशीत घालून जाळायचं. सेंद्रिय असेल ते जळून जाईल, मीठ आणि राख उरेल. उरलेलं पुन्हा तोलायचं. जेवढं घटलं तेवढं तुझ्या बुडबुड्यांचं आणि माझ्या पानांचं.